मनातल्या मनात वाचायचा भाग

चि. ठमाबाईंस थोरल्या बहिणीचे आशीर्वाद आणि एक चिमटा.

आईला समोर बसवून हे मोठ्यानं वाच. मी ठणठणीत आहे. हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरींच्या इस्त्रीचं मशीन आता माझ्याकडे दिलंय. रविवारी इंग्रजीच्या क्लासला जाते. आईचा गुडघा कसा आहे? तेल तूच चोळतेस ना?

आता पुढचं मनातल्या मनात वाच.

परवा क्लासात बाईंनी 'तसं झालं असतं, तर असं झालं असतं' शिकवलं आणि न घडलेल्या गोष्टींवर पाच वाक्यं लिहायला लावली. कुणी चुकलेल्या बसवर लिहिलं, कुणी मोडलेल्या लग्नावर. माझी पाचही तुम्हा दोघींवर.

इथल्या नोकरीचं पत्र दोघींनाही आलं होतं, पण एकीनं आईजवळ राहायचं होतं. तू लगेच रडायला लागलीस. मला मेलीला रडायचं सुचलंच नाही. "थोरली खंबीर आहे, ती जाईल," म्हणत आईनं तुला कुशीत घेतलं. तिच्या हातचं गरम जेवण रोज तुला, आणि मला नुसतं खंबीरपणाचं कौतुक! जळफळाट होतो गं माझा.

पाचवं वाक्य होतं, 'आईनं एकदा जरी "राहतेस का?" विचारलं असतं, तर मी गेले नसते.' बाईंनी ते फळ्यावर लिहिलं. सगळ्या वर्गानं वहीत उतरवून घेतलं.

आता परत मोठ्यानं वाच. आई, बाईंनी माझं वाक्य फळ्यावर लिहिलं! कुठलं, ते ठमीला विचार. विचारावंसं वाटलं तर.

तुमची,
खंबीर थोरली