पुढच्याला उघडता यावं म्हणून

नाना, तुम्ही ज्या वाचनालयाची पुस्तकं आयुष्यभर बांधलीत, तिथली जुनी पुस्तकं आता कॉम्प्युटरवर चढवायची ठरली आहेत आणि ते काम माझ्याकडे आलं आहे. हसू नका. आठवडाभर मी धुळ्याच्या ऑफिसात बसून कंपनीचे प्रोग्राम लिहिते आणि शनिवारी सकाळची एसटी धरून जळगावला येते. बसमध्ये पुस्तक उघडलं की शेजारचा हमखास विचारतो, "मॅडम, तुम्ही कॉम्प्युटरवाल्या ना, मग अजून पुस्तक?" हलवायाने घरी भाकरी खाऊ नये असा काही नियम आहे का? पूर्वी मी चिडायचे. आता मोबाइल काढून दाखवते, त्यातही पुस्तकंच भरलेली आहेत. मला कागदाशी लग्न लावायचं नाही आणि पडद्याशी भांडणही नाही. वाचायला मिळाल्याशी कारण.

आपल्या पुढच्या खोलीतलं तुमचं दुकान आठवतं. आईच्या स्टोव्हवर खळ शिजते आहे, कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद पडलं आहे, आणि पोळ्यांची कणीक गेली म्हणून आई करवादते आहे. तुम्ही सुटे झालेले फर्मे, त्या घडीच्या पानांच्या जुड्या, क्रमाने लावता लावता वाचत बसलेले. गिऱ्हाईक ताटकळलं तरी परिच्छेद पुरा केल्याशिवाय मान वर करायची नाही. शेवटी पुठ्ठ्याच्या आत, जिथे कोरा कागद चिकटायचा, तिथे तुम्ही पेन्सिलीने बारीक लिहायचात: 'खळीने बांधलं. तिसरा फर्मा नाजूक, जपून.' मी विचारलं होतं, चिकटवल्यावर हे कोण वाचणार? तुम्ही म्हणालात, "पुढला बाइंडर वाची." प्रोग्राममध्ये दुसऱ्यासाठी दोन ओळी लिहून ठेवायच्या असतात हे मला कॉलेजात शिकवलं, तेव्हा सर नवीन काहीतरी सांगताहेत असं वर्गाला वाटत होतं. मला तेवढी कणकेची आठवण झाली.

आणि मग तो उन्हाळा. तुम्ही तापाने पडलेले, वाचनालयाची अकरा पुस्तकं अडकलेली, मी डिप्लोमाच्या सुट्टीवर आलेली अतिशहाणी. खळ शिजवा, वाळवा, एवढा वेळ कुणाला आहे? बाजारातून पांढऱ्या गोंदाची बाटली आणली आणि अकराच्या अकरा पुस्तकं दोन दिवसांत उडवली. दिसायला अशी देखणी की मीच माझी पाठ थोपटली. तुम्ही अंथरुणातून उठून एक उघडायला गेलात, तर ते कड्कन वाजलं आणि अर्ध्यावरच अडलं.

"घाई कसानी व्हती तुले?" तुम्ही आवाजही चढवला नाहीत, म्हणूनच जास्त लागलं. "हाई पुस्तक आपलं नही शे. आपलाकडे मुक्कामले येल शे. पुढला माणूसले उघाडता येवाले पाहिजे."

खळ ओल्या फडक्याने सुटते, गोंद सुटत नाही. चार दिवस तुम्ही अंगात कणकण असताना खरवडत बसलात. मधेच विचारलंत, "बठ्ठा आठेच शेतस ना?" मी हो म्हटलं, सगळी इथेच आहेत. समोर दहाच होती, नाना. अकरावं मी तुम्ही अंथरुणातून उठायच्या आधीच वाचनालयात देऊन आले होते, शाबासकी मिळवायला. त्याच वर्षी तुम्ही गेलात आणि ते खोटं माझ्याजवळ राहिलं.

मागच्या महिन्यात तेच पुस्तक माझ्या हातात आलं. कुण्या शिक्षकाने गावोगाव फिरून जमवलेल्या, जात्यावरच्या अहिराणी ओव्यांचं. याची दुसरी प्रत कुठे नाही, मी शोधून पाहिलं. तुम्ही बांधलेली बाकीची पुस्तकं फडक्याने अलगद सुटतात, पानं सपाट पसरतात, फोटो निघतात, आणि ती पुन्हा शिवून जागेवर जातात. हे मात्र उघडेचना. प्रत्येक ओवीची एक बाजू पाठीत गडप. कमिटीतले एक गृहस्थ म्हणाले, "मशीनवर पाठ कापून टाका ना! सुटी पानं पाच मिनिटांत होतील." पाठीबरोबर अक्षरंही जातील, असं मी जरा तिखटपणेच बोलले. नंतर वाटलं, या माणसावर कसली चिडतेस? ही घाई तुझीच.

मी महिनाभराची मुदत मागितली. ग्रंथपालबाई तेव्हा नव्या होत्या, आता निवृत्तीला आल्यात. त्यांनी पुस्तक उलटंपालटं करून म्हटलं, "नानांचं काम असं कसं?" पुढचे तीन शनिवार ऊन पाणी, बोथट सुरी आणि तुमची लाकडी पट्टी घेऊन एकेक फर्मा सोडवत राहिले आणि तोंडाला कुलूप. काल नववा फर्मा सुटला, बारापैकी. एक अख्खी ओवी पहिल्यांदा दिसली, आणि मला राहवलं नाही. बाईंना सांगून टाकलं, हे माझं काम, नानांचं नाही.

बाई जराही दचकल्या नाहीत. म्हणाल्या, "अगं, मला ठाऊक होतं की काहीतरी आहे. नाना आले होते ना हे परत न्यायला. पण पहूरचा एक वाचक घेऊन गेला होता. परत आलं की कळवा म्हणाले, 'मना हातनं चुकनं शे.' ते आलं तेव्हा नाना नव्हते."

मी बाहेर पायरीवर जाऊन बसले आणि मनसोक्त रडले.

उरलेले तीन फर्मेही सुटतील. मग खळ शिजवीन. यंदा कणीक माझीच, करवादायला कुणी नाही. पुठ्ठ्याच्या आत पेन्सिलीने लिहायचं वाक्यही ठरलं आहे: 'आधीचा गोंद मुलीने लावला होता, नानांनी नाही. आता खळ आहे.' ते कधीतरी कुणीतरी उघडेल. हल्ली प्रोग्राम लिहायलाही यंत्र आलं आहे. ऑफिसातली पोरं घाबरतात, मी सांगते, लिहिणारं यंत्र आलं म्हणजे नीट वाचणाऱ्या माणसाची गरज वाढली, घाबरताय काय.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एक गोष्ट सांगून टाकते. ऑफिसात कुणी घाईने काही जोडलं की मी म्हणते, 'पुढच्याला उघडता आलं पाहिजे.' पोरांनी ते फळ्यावर लिहून ठेवलं आहे, खाली माझं नाव घालून. चार वर्षं झाली. माझी चूक तुम्ही तुमच्या नावावर घेतलीत आणि तुमचं वाक्य मी माझ्या नावावर चालवत राहिले. सोमवारी नाव पुसते.