गोधड्या उंदरांनी कुरतडल्या नाहीत

रामीबेन,

मी अंजारला मामाकडे जातोय. तुला तोंड दाखवायची लाज वाटते.

माझ्या खोलीत गाणं रेकॉर्ड करताना आवाज फार घुमायचा. म्हणून आपल्या माउलीने, बाने, तुझ्या सासरसाठी शिवलेल्या दोन गोधड्या मी फाडल्या आणि भिंतीवर लाकडी चौकटी ठोकून त्यांत कोंबल्या. घुमणं थांबलं गं, पण बाला चिंध्या सापडल्या. मी म्हटलं, उंदरांनी कुरतडल्या. तर ती म्हणते, "माझंच चुकलं. यंदा कडुलिंबाचा पाला घालायचा राहिला." गुडघे धरत बाकीच्या गोधड्या उन्हात टाकतेय.

संध्याकाळी येऊन खरं मीच सांगेन. तोवर तेवढा उंदरांचा पिंजरा उचल. त्यात तिने माझ्या वाटणीचा बाजरीचा रोटला लावलाय.

धना