माळ्यावरचे चार टायर

१२ जुलै, शनिवार

प्रवीणची गाडी आली. जर्मन, काळी, हैदराबादच्या कुठल्याशा डॉक्टरनं दोन वर्षं वापरलेली. आरमोरीच्या मेन रोडवर अशी गाडी थांबली की पंक्चर काढायला आलेली माणसंही उठून उभी राहतात. धानाच्या रोवणीचे दिवस. दुकानात ट्रॅक्टरचे तीन टायर उघडे पडलेले, मालक घाईवर आलेले, आणि तेच मालक माझ्या भावाच्या गाडीत डोकं घालून उभे.

बाबा आत जाऊन बसले ते उतरेनात. काचबिंदूनं डोळ्यांपुढं धूसरच दिसतं त्यांना, म्हणून सीटवरून, दारावरून हात फिरवत होते. चोवीस वर्षं मी त्यांचं दुकान चालवते. माझ्या कोणत्याही वस्तूवरून असा हात फिरवलेला मला आठवत नाही.

टायर मात्र पार टकले. आतल्या कडेनं तार दिसायला आली आहे. प्रवीण म्हणाला, "ताई, तू म्हणशील तेच टाकीन. मले त्यातलं काई समजत नाई." बरं वाटलं. मग गाडी जॅकवर घ्यायला किल्ली मागितली, तर "राहू दे, मीच घेतो" म्हणून स्वतः आत घेऊन आला. ह्याला जीप शिकवली कोणी? वैनगंगेच्या रेतीत, बाबांच्या जुन्या जीपवर, मीच.

जळते मी. लिहूनच ठेवते, म्हणजे उद्या नाही म्हणता येणार नाही.

१३ जुलै, रविवार

सकाळभर गाडीच्या टायरचा विचार. सतरा इंची चाक, बाजू अगदी बुटकी. इंजिनात भयंकर दम. अशा गाडीला नरम रबरच पाहिजे. पावसात, वळणात चिकटून राहील आणि ब्रेक मारला तिथं थांबवेल. झिजेल लवकर, झिजू दे. दुसरा कडक रबराचा. तो वर्षानुवर्षं चालतो, आवाज करत नाही, लोकांना आवडतो. पण ओल्या रस्त्यावर ह्या गाडीला तो बसवणं म्हणजे पळणाऱ्या माणसाला लाकडी खडावा घालणं. दोन्हींच्या मधला एक आहे, तो ना इकडचा ना तिकडचा.

नरमच. नागपूरला फोन करून चार सांगितले. काल जळले असले तरी आज काम नीट केलं.

प्र. इंजिनिअर झाला, चंद्रपूरला खाणीतली यंत्रं बघतो. मी बारावीनंतर "थोडे दिवस" दुकानात बसले. लग्न झालं नाही, दुकान झालं.

१९ जुलै, शनिवार

टायर आले. चारही कोरे, एकाच आठवड्यात बनलेले. नखानं दाबलं की खूण उमटते आणि हळूच भरून येते. बाबा असंच रबर ओळखायचे, अजूनही ओळखतात. असा माल हातात आला की मन कसं…

तेवढ्यात प्र.चा फोन, बाबांसाठी. दसरा झाला की बाबांना हेमलकशाला नेतो म्हणे. बांबूच्या ट्रकांच्या काळात बाबा तिकडे टायर घेऊन जायचे. डोळे पुरते जायच्या आधी ते जंगल एकदा बघायचं, हा त्यांचा हट्ट. चार वर्षं मी म्हणते आहे, चला, मी नेते. तर माझ्या पिकअपमध्ये त्यांची कंबर दुखते. आज एका शब्दात तयार. फोन ठेवून मलाच सांगतात, "पव्या चालवते तं पोटातलं पाणी हलत नाई."

दुपारी चारही टायर माळ्यावर चढवले. वरून ताडपत्री. रशीदभाईंनी खालून हात दिला. बाबांच्या वेळेपासून फिटिंग तेच करतात, त्यांना सगळं दिसतं.

का चढवले ते आज लिहीत नाही.

२७ जुलै, रविवार

प्र. टायर बसवायला आला. सांगितलं, नरम मिळाले नाहीत. शिवाय आपल्या रस्त्यांवरची गिट्टी त्यांना कापून काढते, एक पावसाळा टिकायचे नाहीत. गिट्टीचं खरं आहे. अर्धं खरं असलं की आवाज कापत नाही. त्याला कडकवाले दाखवले. "हे घे, म्हातारा होशील तोवर चालतील." तो खूश. म्हणाला, घरचं माणूस ह्या धंद्यात असलं की असा फायदा होतो.

बाबा जेवून घरी झोपले होते. तीच वेळ धरली होती मी.

आता उरला आमच्या दुकानाचा नियम. बाबा जुन्या टायरवर नवं रबर चढवून द्यायचे, तेव्हा ट्रकवाले भरवसा ठेवेनात. म्हणून बाबांनी रीत पाडली. ज्यानं टायर निवडून बसवला, त्यानं पहिल्या फेरीला गाडीत बसायचं. फुटला तर दोघांचाही फुटेल. अठराव्या वर्षापासून मी अनोळखी ट्रकांमध्ये बसून वडशापर्यंत जाऊन आले आहे, एकदाही चुकवलं नाही.

आज मी म्हणाले, माझी कंबर धरली आहे, रशीदभाई, तुम्ही जा.

रशीदभाई परत आले. हात पुसत पुसत हळूच बोलले, "बाई, गाडी पळते जोरात. पकडत नाई."

मी म्हणाले, नवीन आहेत, पकडतील.

१० ऑगस्ट, रविवार

प्र.चा फोन. चंद्रपुरात सगळ्यांना सांगत फिरतो, माझी ताई टायरची डॉक्टर आहे. दोघे मित्रही येणार म्हणे माझ्याकडे. आनंद झाला. खरंच झाला, चांगला पाच मिनिटं टिकला.

२३ ऑगस्ट, शनिवार. तान्हा पोळा

गल्लीतली पोरं लाकडी बैल घेऊन आली, खाऊ दिला. मग प्र.नं फोटो पाठवला. ताडोब्याच्या रस्त्याला गाडी उभी करून, हात बांधून उभा. बाबांना दिसेना. म्हणाले, सांग काय आहे. म्हणजे मीच वर्णन करायचं. काळी गाडी. मागं हिरवंगार. पव्यानं नवा शर्ट घातला आहे.

"हसून राह्यला काय?"

मी हो म्हणाले. हसतच होता. गाडीवर चिखल उडाला आहे, असंही सांगणार होते; सांगितलं नाही, कारण उडालेलाच नव्हता.

७ सप्टेंबर, रविवार

दुपारी प्र. आला तो पांढराफटक. सिंदेवाहीच्या अलीकडं जंगलात रानडुक्कर आडवं आलं. रस्ता ओला. ब्रेक मारला तर गाडी थांबेचना, घसरत जाऊन खड्ड्याच्या काठाला अर्धी लटकली. डुक्कर निघून गेलं. गाडीला ओरखडा नाही, त्याला ओरखडा नाही. पाण्याचा पेला दिला, तो न पिता तसाच धरून बसला.

खरं लिहायचं तर पहिल्या क्षणी मला बरं वाटलं. एकच क्षण. मग तो न प्यायलेला पेला बघितला.

मला वाटलं, आता टायरचं काढेल. तो म्हणाला, "ताई, मलेच गाडी चालवता येत नाई. उगाच घेतली एवढी मोठी. बाबाले घेऊन जायची आता हिंमत होत नाई."

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी पेला घेऊन आत ठेवून आले.

बाबा म्हणाले, नजर लागली गाडीला. आई असती तर तिनं उतरवली असती, आता बहीण आहे, तू उतरव. मीठ, मोहरी, सात लाल मिरच्या. मी गाडीभोवती फिरले, ओवाळलं, मनात म्हणायचं ते म्हणाले, आल्यागेल्याची, घरच्यादारच्याची. घरच्याची म्हणताना थांबले. मग शेगडीत टाकलं. मिरच्या जळल्या आणि कोणालाच ठसका आला नाही. मला नाही, प्र.ला नाही, रशीदभाईंनाही नाही. ठसका आला नाही म्हणजे नजर जबर.

बाबा खुर्चीतून म्हणाले, "कोन्या जवळच्याची हाय."

खाई त्याला खवखवे म्हणतात. मी आत जाऊन खूप वेळ हात धुतले.

८ सप्टेंबर, सोमवार

रशीदभाई शिडीपाशी उभे राहिले. माळ्याकडं बघत म्हणाले, "बाई, उतरवू काय?"

मी नको म्हणाले. उतरवले तर प्र. विचारेल, मग नव्हते कसे म्हणालीस. ह्या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नाही. म्हणजे आहे, तेच द्यायचं नाही.

२१ सप्टेंबर, रविवार. पितृअमावास्या

आईचं पित्तर. प्र. आला, हळूहळू चालवत आला म्हणे. पूर्वीसारखा खांदे सैल सोडून बसत नाही आता गाडीत. हे माझं काम.

जेवणं झाली, प्र. आत लवंडला. बाबा काठी टेकत अंगणात गेले, गाडीशी बसले. मला वाटलं दारावरून हात फिरवतील. ते खाली वाकले. टायर चाचपला, अंगठ्याचं नख रोवलं, सोडलं, पुन्हा रोवलं. चारही चाकांना. मी उंबऱ्यात उभी. वीस पावलांवरून मला ते नख ऐकू येत होतं.

"कडक हाय."

मी म्हणाले, आपल्या रस्त्याला बरं.

"ह्या गाडीले?"

मी उंबऱ्यावरून खाली उतरले.

"पहिल्या फेरीले कोन बसलं होतं?"

रशीदभाई.

"काऊन?"

मी जवळ जाऊन उभी राहिले. बाबांनी हात झटकले, उठायला माझाच खांदा धरला. म्हणाले, "मंग हेमलकशाले तू बसशील. पव्याले सांगतो मी, सुनी येऊन राह्यली म्हणून." रागावले असते तर भांडता आलं असतं.

२८ सप्टेंबर, रविवार

आठवडाभर पाऊस. दुकानात येणारा प्रत्येक ड्रायव्हर आलापल्लीपुढच्या रस्त्याचं सांगतो, नाल्यांवरच्या रपट्यांवर माती वाहून आली आहे, वळणावर साबणासारखं झालं आहे. मी विचारलेलं नसतं.

हिशेब सोपा आहे. प्र., बाबा, मी, आणि मी निवडलेले चार टायर. मरणाची भीती वाटते म्हणून माळ्यावरचे टायर उतरवते आहे की चूक म्हणून, हे ठरेना. ठरो न ठरो.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

जॅकला, कॉम्प्रेसरला झेंडू वाहिले. प्र. संध्याकाळी आला, सोनं दिलं, पाया पडला. मी आपट्याचं पान हातात धरून "सुखी राहा" म्हणाले. मनापासून म्हणाले, हेही लिहून ठेवते.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी प्र. मित्रांना भेटायला गेला, पायीच. किल्ली बाबांच्या उशाशी होती. बाबांनीच काढून दिली, मी मागितली नव्हती.

रशीदभाईंनी शिडी लावली. ताडपत्री काढली तर सगळं तसंच. दीड तासात चारही चाकं झाली, बॅलन्सिंगही. शेवटचा नट आवळून म्हणाले, "अब ठीक हुआ. बोलना तेवढं बाकी हाय." कडकवाले वर गेले.

काय सांगायचं ते पाठ केलं होतं. प्रवीण, हे टायर जुलैपासून इथंच होते. एवढंच वाक्य.

तो आला, बघितलं, खाली बसून हात लावला. आणि मला मिठीच मारली. "ताई, शोधून आनले न तू? माह्या घसरन्याचं एवढं मनाले लावून घेतलं? हे खरं दसऱ्याचं सोनं." मोठा माणूस, डोळ्यांत पाणी. अशा वेळी ते वाक्य कसं म्हणायचं? म्हणता आलं असतं. मी "हं" म्हणाले.

तो गाडी सुरू करून बघायला बसला. बाबा मागच्या चाकाशी वाकले, नख रोवलं, मान हलवली. मग टायरच्या खाचेतून बोट फिरवून दोन बोटांत चोळलं.

"माळ्यावरची धूळ हाय," म्हणाले. मलाच ऐकू येईल एवढ्यानं.

४ ऑक्टोबर, शनिवार. आष्टी

चहाला थांबलो आहोत, टपरीच्या बाकावर लिहिते आहे. भुरभुर पाऊस.

मी पुढं बसले, नियमाप्रमाणं. बाबा मागं, काच खाली करून, तोंड वाऱ्याकडं. चामोर्शीजवळ बैल आडवा आला. प्र.नं ब्रेक दाबला आणि गाडी जिथल्या तिथं. "पाह्य ताई," म्हणाला, खांदे पुन्हा सैल सोडून. मी रस्ता बघत राहिले. मागं बाबा खाकरले. मी गडचिरोलीला सांगणार होते, चामोर्शीला सांगणार होते. आष्टीही आली.

निघताना मीच बजावलं होतं, नव्या टायरला पहिले शंभर किलोमीटर जपून. ते इथं संपले. प्र.नं कप खाली ठेवला, आणि खिशातून किल्ली काढून माझ्यापुढं ठेवली.

"आता इथून वळनाचं जंगल हाय. तू चालव ताई. जीप तूच तं शिकवली मले."

म्हणजे त्याच्या लक्षात होतं. एवढे दिवस.

तीन महिने ही किल्ली त्यानं माझ्या हातात द्यावी म्हणून झुरले. सांगितलं तर तो परत मागेल. मागणारही नाही कदाचित. मी त्याच्या जागी असते तर मागितली असती, आणि पुन्हा कधी दिली नसती.

प्र. डावीकडं जाऊन बसलासुद्धा. बाबा काचेतून हाक मारतात, "सुनी, चाल व. पाऊस वाढून राह्यला."

किल्ली मुठीत आहे, त्याच्या खिशात राहून गरम झालेली. आधी सांगायचं, की आलापल्लीपर्यंत चालवून मग…