धावायला बंदी

४ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

शिबिरात आमचे फोन कपाटात कुलूपबंद असतात, म्हणून हे पत्र. शिवाय फोनवर सांगितलं असतं तर तू मध्येच हसली असतीस, मग मीही हसले असते, आणि सांगायचं राहून गेलं असतं.

बरेच दिवस माझं पोट बिघडलेलं होतं. आधी खानावळीला शिव्या घातल्या. रक्त दिसायला लागलं तेव्हा मुकाट्याने डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी मागच्या दाराने नळी घालून आत कॅमेरा सोडला. माझे फोटो पेपरात पुष्कळदा आलेत, पण इतक्या जवळून कुणी काढले नव्हते. निदान असं की मोठ्या आतड्याला सूज आणि व्रण आहेत. नाव अल्सरेटिव्ह कोलायटिस. बरा होत नाही, ताब्यात ठेवायचा, जन्मभर. जन्मभर म्हणजे किती, असं मी विचारलं, तर बाई म्हणाल्या, तुमचा असेल तेवढा.

आता गंमत बघ. माझा खेळ चालण्याच्या शर्यतीचा. एक पाय सतत जमिनीला टेकलेला हवा, पुढचा गुडघा ताठ हवा, पळालं की पंच बाद करतात. आणि आजार नेमका असा मिळालाय की पळण्यावाचून गत्यंतर नाही.

गोळ्या दिल्यात, त्या स्टिरॉइडच्या. शर्यतीत त्या खाऊन उतरायचं तर लेखी परवानगी लागते, आणि त्यासाठी आमच्या प्रशिक्षक सरांना सांगावं लागतं. सर मला 'इंजिन' म्हणतात. इंजिन गळतंय हे कसं सांगू? संघाची निवड महिन्यावर आलीय. तेव्हा मी गोळ्या बंद करायचं ठरवलंय, शर्यतीपुरत्या.

आईला सांगू नकोस. मी भर रस्त्यावर कंबर हलवत चालते हेच तिला अजून पचलेलं नाही. आजवर एका शर्यतीला आली नाही ती.

लोभ आहे, तो माझ्या आतड्यासारखा कधी चिडू नये, ही विनंती.

तुझं,
बदक


१० फेब्रुवारी

चि. बदकास,
अनेक आशीर्वाद.

पत्र लाँड्रीच्या काउंटरवरच उघडलं. कॅमेऱ्यापर्यंत आले आणि इतकी हसले की समोरचं गिऱ्हाईक आपली पँट परत घेऊन तपासायला लागलं. मग आत जाऊन इस्त्रीच्या टेबलाशी बसले आणि रडले. दोन्ही आटोपल्यावर लिहिते आहे.

बाळा, माझा जन्म लोकांचे डाग काढण्यात गेला. सुटाबुटातल्या साहेबांचं काय काय होतं ते मला ठाऊक आहे, आणि त्यातल्या प्रत्येकाला वाटतं की हा प्रसंग जगात फक्त आपल्यावरच आलाय. कपडा कागदात गुंडाळून आणतात, वर सांगतात की चहा सांडला. मी कधी खोदून विचारत नाही. धुते.

पण गोळ्या बंद करायच्या हे कुठलं शहाणपण? हा सल्ला तुला डॉक्टरीणबाईंनी दिला की गुडघ्याने? सरांना सांग. फार तर ओरडतील. ओरडून कुणाचं आतडं फाटत नाही.

आईचं म्हणशील तर वचन देत नाही. ती माझी थोरली बहीण आहे. मी फोनवर नुसता श्वास घेतला तरी तिला कळतं की काहीतरी लपवतेय.

माझ्यावर माया असू दे आणि गोळ्या चालू असू देत, एवढंच मागणं.

तुझी,
मावशी


२१ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

हॉस्पिटलातून लिहिते आहे, यावरून मी तुझं किती ऐकलं ते समजून घे.

गोळ्या एका झटक्यात बंद केल्या. आठवडाभर तर झकास वाटलं. पुढे दिवसरात्र संडास, ताप, रक्त. शेवटी सरावात रस्त्याच्या कडेला आडवी झाले. डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत, हे फार लागलं. त्या म्हणाल्या की अजून थोड्या उशिरा आल्या असतात तर आतडंच काढून टाकावं लागलं असतं. त्या दिवशी पहिल्यांदा मी घाबरले, मावशी. खेळ जाईल म्हणून नव्हे, मी जाईन म्हणून.

निवडीची शर्यत झाली. माझ्याविना.

सर आले. पलंगाशी बराच वेळ माझ्या पायांकडे बघत उभे राहिले. मला वाटलं, आता सामान आवरायला सांगतील. ते म्हणाले की अगं गाढवे, तुझा वेग का उतरतोय म्हणून मी वेड्यासारखा तुझे बूट बदलत होतो, आणि बिघाड होता कुठे तर कमरेच्या वर. मग खिडकीकडे तोंड करून नाक शिंकरलं.

आता नवीन औषध सुरू केलंय, सलाईनसारखं शिरेतून देतात. ते आमच्या नियमात बसतं. ऑक्टोबरमध्ये पुढची निवड आहे. उतरता येईल का, असं विचारलं तर बाई म्हणाल्या, आतड्याला विचारा.

पाय आता नळीसारखे झालेत. चार पावलांत धाप लागते. तरी कंबर हलते.

माझ्यावर राग असेल तर तोही चालेल, पण असू दे काहीतरी.

तुझं,
बदक


१९ ऑक्टोबर

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तू कडेला घसा फोडत होतीस ते ऐकू आलं. शेजारची खुर्ची रिकामी होती तेही दिसलं. तुझ्याकडून आजार कळल्यावर तरी आई येईल असं वाटलं होतं. असो.

तुला निम्मीच शर्यत दिसली असेल, म्हणून बाकीची सांगते. मी दुसरी होते. पाय छान पडत होते. आणि पोटाने निरोप धाडला. पंचांना विचारून मार्ग सोडता येतो. पंच दारापर्यंत सोबत येतात आणि जिथून सोडला तिथूनच परत सुरू करायचं. एक पंचबाई आल्या. मी ताठ गुडघ्याने, कडेला संडास म्हणून ठेवलेल्या निळ्या प्लॅस्टिकच्या खोक्याकडे चालत गेले, आणि मावशी, ते मोकळं होतं. स्वच्छसुद्धा होतं. एवढ्या गर्दीत हे नशीब कुठून आलं कळलं नाही. आतून मी पंचबाईंना विचारलं की आता पुढे किती जणी आहेत. त्या म्हणाल्या की सांगता येत नाही, नियम आहे. मग हळूच म्हणाल्या की सावकाश होऊ दे.

बाहेर आले तेव्हा सहावी होते. दोघींना मागे टाकलं, तिसरीची वेणी शेवटपर्यंत डोळ्यासमोर हलत राहिली. चौथी आले. संघात तिघी जातात. सर पुढच्या मोसमाचं वेळापत्रक घेऊनच उभे होते. मी हो म्हटलं, आणि मग टॉवेल तोंडावर घेऊन रडले.

तुझा लोभ चौथ्या नंबरालाही लागू असावा.

तुझं,
बदक


२५ ऑक्टोबर

चि. बदकास,
अनेक आशीर्वाद.

तुझं नशीब निळ्या खोक्यामागे उभं होतं. छत्री घेऊन.

तुझी आई आली होती. पहाटेच आली, सगळा मार्ग बघितला आणि थेट त्या एकुलत्या एक खोक्यापाशी जाऊन उभी राहिली. शर्यत सुरू झाल्यापासून तिने तिथे कुणाला फिरकू दिलं नाही. आत नळ फुटलाय म्हणून सांगायची. एका धिप्पाड गृहस्थांनी हट्टच धरला, तर छत्री आडवी धरून त्यांना झाडांकडे पाठवलं. मध्येमध्ये आत जाऊन पुसून घ्यायची, माझ्याच लाँड्रीतलं फडकं घेऊन. तू पंचबाईंसोबत येताना दिसलीस तशी ती पटकन मागे लपली. कुणाची मदत घेतली तर तुला बाद करतील अशी तिला धास्ती होती. तू आत होतीस तेवढा वेळ ती मागच्या बाजूला, खोक्याला हात लावून उभी होती म्हणे. तुझा आवाज ऐकत होती.

हे मला तिने काल सांगितलं, आणि तुला कळवू नकोस असं बजावलं. मी वचन दिलेलं नाही.

शर्यत मात्र तिने अजिबात बघितली नाही. तू चालतेस कशी ते तिला अजून माहीत नाही. तुझा नंबर मीच सांगितला. तिने ऐकून घेतलं, छत्रीची घडी केली, आणि विचारलं की पुढच्या शर्यतीला खोकी किती ठेवणार आहेत, आणि त्यांना आतून कडी नीट लागते का.

आम्हा दोघींवर लोभ ठेव, आणि तिला पत्र लिही.

तुझी,
मावशी