रिकामी ठेवलेली फट

येसेनिक, १४ एप्रिल

प्रिय मिलादा,

इकडे आम्ही दोघे बरे आहोत. बाबांचा गुडघा दुखतो, पण बिअर आणायला जाताना दुखत नाही. तुम्ही कसे आहात? वाख्तांग भावोजींना नमस्कार सांग. मी फार उशिरा लिहितो आहे, हे मला कळतं.

यंदा बर्फ उशिरा वितळला. तरी दगडांच्या बागेतली उशीसारखी दाट रोपं ओलीनं कुजली नाहीत. आई लावायची तशा त्यांच्यावर वेळेवर काचा लावल्या होत्या.

परवा बाबा म्हणाले, "त्या मेलेल्या कुंड्या ओत आता. चार हिवाळे नुसती माती सांभाळतोयस. मुळा तरी लावू." मी एकेक ओतू लागलो. तू पाठवलेल्या बियांची कुंडी उचलली आणि तशीच खाली ठेवली. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. बारीक खडीत हिरवे ठिपके होते, टाचणीच्या डोक्याएवढे.

"बाबा, इकडे या."

"शेवाळ असेल."

"या तर."

ते गुडघ्यावर बसले. चर्चमध्येसुद्धा बसत नाहीत.

"जेन्शियन," मग हळूच म्हणाले. "तुझ्या आईनं पेरलेलं."

या डोंगरी फुलझाडाच्या बियांना थंडी लागते, काही तर वर्षानुवर्षं थांबतात, हे मी शाळेत शिकवतो. शिकवताना मला त्यातलं काहीच कळलेलं नव्हतं. बी धुळीसारखं होतं; उडू नये म्हणून आई श्वास रोखून कुंडीवर वाकली होती. त्याच हिवाळ्यात ती गेली. आणि ते बी आता उगवतं आहे.

आता जे टाळत होतो ते लिहितो. तुझ्या पाकिटात चिठ्ठी नव्हती, फक्त बिया आणि कॉकेशसमधल्या त्या डोंगराचं नाव. आईचं उत्तर आलं नाही. तुझं लग्न तिनं अजून माफ केलेलं नाही, असं तू समजलीस, आणि तिच्या अंत्ययात्रेलाही आली नाहीस. मी तिला म्हणालो होतो, "दोन ओळी तरी लिही." ती चिडली. "बियांचे आभार मानले की उगवत नाहीत, एवढं कळू नये तुला? उगवलं की लिहीन." रीत तुलाही माहीत होती, त्या वेळी आठवली नसेल. आईची ती श्रद्धा होती की हट्ट, मला अजून ठरवता येत नाही. पण पेरणी झाल्याबरोबर तिनं उभ्या दगडांमधली उत्तरेकडची फट साफ केली आणि बाबांना बजावलं, "इथे काही खुपसाल तर बघा. ही मिलादाच्या रोपाची जागा आहे."

ती फट अजून रिकामी आहे.

मी बाबांना म्हणालो, आता उगवलंय, आईच्या वतीनं आभार लिहून टाकतो. ते म्हणाले, "टपालानं नाही. आभार इथे येऊन घेऊन जा म्हणावं. आणि रोप तिनंच लावायचं. माझे हात थरथरतात."

त्यांचे हात थरथरत नाहीत.

रोपं शरदापर्यंत कुंडीत राहतील. तोवर ये; आभार मी लिहीत नाही.

तुझी वाट पाहणारा दादा,
रादोवान