आंबलेल्याचा श्वास

३ ऑगस्ट, ब्रीझंड
आलो एकदाचे, मी आणि सातव्या महिन्यातली माझी बायको वीत्स्के. ट्यूलिपच्या गोदामाचा नवा व्यवस्थापक म्हणून मला वरचीच खोली मिळाली. खिडकीतून समुद्राचा वारा येतो, ती खूश, मग मीही. खाली खोक्याखोक्यांत कंद सुकताहेत आणि त्यांची राखण करते कोण, तर त्रैन मावशी नावाची सत्तरीची बाई. रोज सकाळी रांगेरांगेने खोक्यांत नाक खुपसत फिरते. एखाद्या कंदाला आंबूस वास आला की तो फेकतेच, त्याला चिकटलेले शेजारीही फेकते. मी चार वर्षं कृषी महाविद्यालयात काय गवत उपटत होतो?

६ ऑगस्ट
मावशीची फेरी बंद केली. कंद बुरशीनाशकात बुडवलेत, तिच्या नाकाची गरज नाही. बाहेर पावसाळी ओल आहे, म्हणून हवेच्या झडपाही लावून घेतल्या. मावशी म्हणाली, साहेब, सडक्याचा श्वास कोंडला की शेजारच्याच्या पोटातली कळी मरते; वरून मात्र असा टवटवीत, की परीक्षेला बसवला तर पहिला येईल. कंद सोलणाऱ्या बाया खिदळल्या. सगळा अडाण्यांचा बाजार.

११ ऑगस्ट
गोदामभर व्हिनेगरसारखा वास. मावशीने एक गुळगुळीत कंद उभा चिरून दाखवला. आतली कळी तपकिरी, वाळलेली. दुसरा चिरला, तोही तसाच. तिसराही. झडपा उघडल्या. म्हातारीचा ‘सांगितलं होतं ना’ असा चेहरा बघवत नव्हता.

१३ ऑगस्ट
खालचा वास गेला. खोलीतला जात नाही. वीत्स्के म्हणते, कालपासून बाळ हललं नाही. सुईणीला ठोके सापडले, पण मंद. मला भीती वाटते. माझ्या तळहातावर मऊ डाग आलाय, दाबला की खड्डा राहतो. घामोळं असेल.

१४ ऑगस्ट
मावशी न विचारता वर आली. अंथरूण हुंगलं, वीत्स्केला हुंगलं — माझ्या मानेशी थांबली. म्हणाली, पोरी, तू चांगली आहेस, या नवऱ्याला खोलीबाहेर काढ. चळलीये म्हातारी. हाकलून दिली. माझी कॉलर ओली झालीये — तोच वास —

१५ ऑगस्ट, दुपार
तिला खोटं पाडायला जिन्यात जाऊन उभा राहिलो. पाचच मिनिटं. आतून वीत्स्के हसली. बाळाने लाथ मारली, म्हणाली. धावत आत गेलो, पोटावर हात ठेवला — थांबलं.

पुन्हा बाहेर. पुन्हा हललं.

ती रडतेय. दोन महिने लांब राहतो म्हटलं — राहीनच — पण एकदा, फक्त एकदा हात लावू दे —

आतून कडी घातली तिने. मला. दार जुनंच आहे, खांदा मारला तर —