शेजारच्या सीटवरचा पाय

३ जून

चि. धडक हिस,
अनेक आशीर्वाद. माझं अक्षर मुंगीएवढं झालंय, भिंग घेऊन वाच. हा पार्किन्सन पायांबरोबर अक्षरही आखडतो.

दवाखान्यातल्या यंत्राचं विचारलं होतंस. छातीला पट्टे बांधून मला टांगतात, पायांना यंत्राचे पाय जोडतात, आणि खालचा पट्टा सरकू लागला की मी चालतो. म्हणजे यंत्र चालतं, मी नुसता लटकतो! घरी आलो की दाराशी पाय जमिनीला चिकटलेलेच. जन्मभर लोकांना गाडी शिकवली आणि आता माझेच पाय दुसरं कुणी चालवतं, याची लाज वाटते. पुढच्या आठवड्यापासून जाणार नाही. मुलाला चाकांची खुर्ची आणायला सांगितलीय. त्याचं तोंड एवढंसं झालं. तू तरी रागावू नकोस.

तुझा
दादा

११ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.
रागावले आहेच. खुर्चीचं वाचलं आणि तशीच लिहायला बसले.

तुझ्या शिकवणीच्या गाडीत तुझ्या बाजूलाही ब्रेक होता. माझा पाय ब्रेकवर आहे, घाबरू नकोस, असं सारखं म्हणायचास. त्या भरवशावर मी भर बाजारातून गाडी काढली. घराशी आल्यावर सहज खाली बघितलं, तर तू सीटवर चक्क मांडी घालून बसलेला! बघितलं आणि कुंपणाची भिंत आडवी केली. नाव मात्र मला पडलं.

त्या यंत्राचा पाय तरी खरंच ब्रेकवर आहे का, ते व्यायामाच्या बाईंना विचार. मग खुशाल खुर्ची आण. लोभ आहेच, तो वाढवायला चालत ये.

तुझी
धडक

२० जून

चि. धडक हिस,
आशीर्वाद. यंत्रावर चालता चालताच विचारलं. बाई हसल्या. म्हणाल्या, यंत्राचा जोर त्या दर खेपेला थोडा थोडा कमी करत आल्यात. हल्ली ते नुसतं सोबतीला असतं, चालतो मीच. ऐकलं मात्र, पाय जागच्या जागी थिजले. तुझी भिंत आठवली. हसू फुटलं आणि रडूही आलं. बाईंना बजावलं, पुढच्या माणसाने विचारलं तरी सांगू नका.

खुर्ची रद्द. हे पत्र टाकायला कोपऱ्यावरच्या पेटीपर्यंत निघालोय. वाटेत आमचं दार आहेच. मुलाला म्हटलंय, पाठीला हात लावून चल. कधी काढतोस, ते मात्र सांगू नकोस.

तुझा
दादा